मंगळवारच्या बैठकीतले सात

२ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ७.४०
आजपासून रोज नोंद ठेवायची. पाणी कुठंतरी मुरतंय. कुठं ते सापडेपर्यंत कोणाजवळ अवाक्षर काढायचं नाही. हिच्याजवळसुद्धा नाही. बायको असली तरी शिलाईवाल्या बाईंकडे हिचं रोजचं जाणं-येणं.

वस्तुस्थिती लिहून ठेवतो. मी सामुदायिक आर्थिक विकास अधिकारी. अनुभव एकोणीस वर्षं. वस्तीतल्या बंद बिस्किट कारखान्यात सगळ्यांना मिळून धंदा करता येईल असं केंद्र काढायचं, ही कल्पना माझी. (तशी शिलाईवाल्या बाईंची. पण कागदावर मी आणली.) माझं कंत्राट ३० तारखेला संपतं. २४ ला मूल्यमापनवाल्या बाई येणार. त्यांना लोकसहभाग दिसला तर आणखी तीन वर्षं. नाही दिसला तर मी घरी.

काळजीचं कारण नाही. लोक माझ्यावर जीव टाकतात.

संध्याकाळी ६.३०
ऑफिसच्या हॉलमधली बैठक उत्तम. माझं प्रास्ताविक एक तास दहा मिनिटं. मग चिठ्ठ्या. पिवळीवर अडचण लिहायची, हिरवीवर उपाय, आणि भिंतीवर चिकटवायचं. हजर सात.

गेल्या मंगळवारीही सात होते. हजेरीवही चाळली. अकरा महिने, दर मंगळवारी सात. कधी सहा नाही, कधी आठ नाही. कोरम सातचा आहे, मान्य. पण इतकं बरोब्बर? आणि चेहरे दर वेळी वेगळे. मी काय काल जन्मलो नाही.

४ सप्टेंबर
संशय सहायक मॅडमवर. कानामागून आली आणि तिखट झाली. रुजू होऊन चार महिने नाहीत, तर वस्तीतली कुत्रीसुद्धा तिच्यामागे शेपूट हलवत फिरतात. सहज विचारलं, बैठकीला सातच जण कसे काय येतात हो? तिला एकदम ठसका लागला. पाणी प्यायला गेली ती अर्ध्या तासानं उगवली. निरपराध माणूस इतकं पाणी पीत नाही.

संकल्प: संशय चेहऱ्यावर दिसू द्यायचा नाही.

५ सप्टेंबर
ही विचारत होती, दोन दिवस असे डोळे बारीक करून काय बघताय, चष्म्याचा नंबर वाढला का.

७ सप्टेंबर, रविवार
आमच्या कामात एक तक्ता करतात. कोणाच्या शब्दाला वजन किती आणि कोणाला कामात रस किती, ते मांडायचं. मी आज कटात कोणाचा हात किती ते मांडलं. सगळ्यात वर सहायक मॅडम. त्याखाली शिलाईवाल्या बाई, कारण त्या मला जास्तच नम्रपणे नमस्कार करतात. सायकल दुरुस्तीवाला तळाशी. तो बैठकीत घोरतो. मग डोक्यात प्रकाश पडला. इतकी गाढ झोप येणारा माणूस दर पाचव्या मंगळवारी न चुकता येतो कशाला? त्याला वर सरकवला.

९ सप्टेंबर, मंगळवार
हजर सात. शेवटी सापळा टाकला. जाहीर केलं की पुढच्या वेळेपासून कोरम आठचा. शिलाईवाल्या बाईंनी फक्त विचारलं, साहेब, आठ म्हणजे आठच ना, परत बदलणार नाही ना? आणि छोट्या वहीत लिहून घेतलं. मी मनातल्या मनात हसलो.

११ सप्टेंबर, सकाळी ११
पुरावा सापडला!! कारखान्यावरून चाललो होतो. आत गलका. डोकावलो तर तीस-पस्तीस माणसं. घरून आणलेली शिलाई मशीनं, पायपुसण्यांचे दोन माग, एकजण भिंतीला चुना लावतोय. खिडकीजवळची जागा कोणाची यावर कडाक्याचं भांडण, आणि मधोमध सहायक मॅडम. पाच मिनिटांत भांडण मिटलं, जागा ठरली. ना प्रास्ताविक, ना चिठ्ठी, ना इतिवृत्त! एवढ्यात कोणीतरी साहेब आले म्हणालं आणि सगळे चिडीचूप. चुनावाल्यानं खिशातून पिवळी चिठ्ठी काढून लिहायला घेतली. वाकून पाहिलं. लिहिलं होतं, अडचण नाही.

म्हणजे माझ्या पाठीमागे समांतर बैठका चालल्यात. वरून गोड, आतून कट. थांबा म्हणावं.

१६ सप्टेंबर, मंगळवार
हजर आठ. बरोब्बर आठ. आठवी ही!

विणकाम घेऊन आली होती. तुम्ही बोलता कसे ते बघायला आले, म्हणाली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मी बोलतो कसा हे हिला माहीत नाही? घरभेदी. रात्री जेवताना तिच्याशी बोललो नाही. तिच्या लक्षात आलं नाही.

१९ सप्टेंबर
तक्रारअर्ज तयार. नऊ पानं. पण आधी द्यायचा नाही. २४ ला मूल्यमापनवाल्या बाईंना न सांगता थेट कारखान्यात न्यायचं आणि सगळ्यांना रंगेहाथ पकडायचं. मांजर डोळे मिटून दूध पितं, पण जग बघत असतं.

२४ सप्टेंबर
नेलं. आत एकेचाळीस माणसं कामात. मी विजयानं बाईंकडे पाहिलं. त्या भिंतीकडे पाहत होत्या.

भिंतीवर मोठा कागद. वर ठळक अक्षरांत: मंगळवार, साहेबांची बैठक, पाळी. खाली अकरा महिन्यांचे रकाने, दर मंगळवारी सात नावं. शिवाय नियम. पाठ दुखते त्यांना सूट. ऑर्डर असेल तर पाळी बदलून मिळेल. एकाच माणसाला लागोपाठ दोनदा बसवायचं नाही. सायकल दुरुस्तीवाल्याला दर पाचव्या आठवड्याला, कारण त्याला झोप लागते आणि त्रास होत नाही. १६ तारखेपुढे: कोरम वाढल्यामुळे साहेबांच्या घरून एक.

मूल्यमापनवाल्या बाईंनी शिलाईवाल्या बाईंना विचारलं, एवढं करून बैठकीला जाताच कशाला? त्या म्हणाल्या, कोरम झाला नाही तर केंद्राची मान्यता जाईल असं साहेबच म्हणाले होते. मग आवाज बारीक करून म्हणाल्या, आणि मनाला लावून घेतात हो ते. मी तिथंच उभा होतो.

मूल्यमापनवाल्या बाई म्हणाल्या की इतका शिस्तीचा लोकसहभाग त्यांनी कुठं पाहिला नाही. मी म्हणालो, सगळं मार्गदर्शनाचं फळ. तक्रारअर्ज खिशातच राहिला. तीन वर्षं कुठं गेली नाहीत!

२७ सप्टेंबर
पत्र आलं. प्रकल्प अत्यंत यशस्वी. केंद्र वस्तीच्या ताब्यात. सहायक मॅडम महिन्यातून दोनदा फेरी मारतील. पूर्णवेळ अधिकाऱ्याची आवश्यकता उरलेली नाही.

यशच एवढं मोठं की त्यात मला जागा नाही. असं मी हिला हसत सांगितलं. इथं लिहायला हरकत नाही, फार वाईट वाटलं. न्हाणीघरात नळ सोडून दहा मिनिटं नुसता उभा होतो.

२९ सप्टेंबर
उद्या शेवटची बैठक. कोरमची अट काढून टाकली, म्हणजे मनापासून येणारे किती ते कळेल. माझा अंदाज साठ. साठ खुर्च्या आणून मांडल्या. भाषण दोन तासांचं होतंय. लोक रडतील, तेव्हा मध्ये थोडी जागा सोडली आहे.

३० सप्टेंबर, मंगळवार. दुपारी ४
घड्याळ पुढे असावं.

४.३५
शिलाईवाल्या बाईंचा निरोप. पहिली मोठी ऑर्डर आज पाठवायची आहे, एकाचाही हात मोकळा नाही, राग मानू नका, उद्या या, सगळे मिळून चहा घेऊ. यात काही काळंबेरं असेल का, याचा विचार करून पाहिला. नव्हतं. खरंच काम होतं त्यांना.

५.१०
ही आली. दुसऱ्या रांगेत बसली. मी म्हणालो, पाळ्यांचा तक्ता बंद झाला ना आता? म्हणाली, हो, मी अशीच आले.

प्रास्ताविक सुरू केलं. चौथ्या वाक्याला थांबलो. ती म्हणाली, सावकाश होऊ द्या, मला घाई नाही. पुढचं वाचवेना. मग आम्ही साठही खुर्च्या उचलून आत ठेवल्या. तिनं पस्तीस उचलल्या.