वाळूत चालणारी गाडी

जैसलमेर, रविवार

ती. दादांना हर्षालीचा वाळवंटातून नमस्कार.

मी बरी आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवते. पाण्याच्या सर्व्हेसाठी आता वाळवंटात खूप आत जायचं आहे. तिथे मोबाईलला रेंज नाही, म्हणून आधीच पत्र टाकते. आईला रेंजचं सांगू नका, पोरीने हौसेने लिहिलंय म्हणा.

ऑफिसने जुनी एसयूव्ही दिली आहे. ती वाळूत चालली नसती, तर आमचं जाणं रद्द होऊन मी याच आठवड्यात घरी आले असते. आम्ही तिला खालून जाड पत्रा बसवला, एअर फिल्टर बदलला, फावडं, दोर आणि पाण्याचे कॅन भरले. टायरमध्ये हवा मी भरली, तुम्ही पिकअपला भरता तशी टणक. पहिल्याच टेकाडावर गाडी पोटापर्यंत रुतली. आपल्या लोणी गावचा तन्वीर इथे गाड्यांचा मिस्त्री आहे. तो हसत म्हणाला, "ताई, ओतूरच्या बाजाराला कांदं घेऊन चाललाय का? वाळूत हवा सोडावी लागती, राव!"

हवा सोडली आणि गाडी सगळी टेकाडं चढली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. खरं सांगू दादा? ती रुतलेलीच राहावी असं मला वाटत होतं.

तुमचा गुडघा कसा आहे? आपला धाकटा पप्पू पिकअप जोरात पळवतो का? आई माझ्या वाटणीची भाकरी अजून थापते का?

परवा सकाळी गाडी घराकडे पाठ करून निघेल. चालवणार मीच आहे.

तुमची,
हर्षाली