त्याच नावाचा दुसरा

प्रिय ठके,

पाकीट बघून दचकू नकोस. सगळं ठीक आहे. गुडघा आपल्या जागी आहे, शिलाई मशीन चालू आहे, दुकानात गिऱ्हाईक आहे. पत्र लिहायला बसले ते एवढ्याचसाठी की फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकते. तुला बोलता यायला लागल्यापासून आपल्या घरात हीच पद्धत आहे. मला आज जे सांगायचंय ते सलग सांगायला हवं, आणि मध्येच तू "आई, ते राहू दे, तू कधी येतेस ते बोल" म्हणालीस की माझा धागा तुटतो. तर कधी येते, आणि कायमची येते की नाही, हे याच पत्रात आहे. पण अगदी शेवटी आहे. आधी शेवट वाचू नकोस. गोष्टीच्या पुस्तकांचं शेवटचं पान तू आधी वाचायचीस आणि मग मला सांगून माझीही मजा घालवायचीस, ते मी विसरलेले नाही.

खोली रंगवून झाली, जावईबापूंनी कपाट आणलं, खिडकीतून झाड दिसतं, हे सगळं माझ्यापर्यंत पोचलंय. बाळ यायच्या आत मी दुकान भाड्याने द्यावं, गाशा गुंडाळावा आणि तुमच्याकडे राहायला यावं असं तू कित्येक महिने घोकते आहेस. मी कधी नाही म्हटलं नाही. उलट मी तयारीलाच लागले होते, आणि खरं सांगू का, पुढचं सगळं रामायण त्या तयारीतूनच घडलं. म्हणजे थोडा दोष तुझ्याकडेही जातो.

भांडीकुंडी वाटून टाकायची, कापडाचे तागे विकायचे, पण बाबांची वेताची खुर्ची मात्र बरोबर न्यायची, असं मी ठरवलं होतं. विमानाने खुर्ची नेणारी बाई जगात मी एकटीच असेन, असू दे. पण तिची बैठक पार खाली गेली होती. म्हणून चौकातल्या वेतवाल्याकडे ती नव्याने विणायला दिली. हा वेतवाला हाताने सोन्याचा आणि तोंडाने फटकळ. पावती वगैरे भानगड नाही. खुर्ची उलटी करतो आणि बुडाखाली खडूने गिऱ्हाइकाचं नाव लिहितो, तेही नुसतं पहिलं. मी आडनाव सांगायला गेले तर म्हणाला, "बाई, मला खुर्ची विणायचीय, सोयरीक नाही जुळवायची." मग मी बाबांचं नाव सांगितलं. ठके, ते नाव तोंडून बाहेर पडलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोन वर्षांत मी ते उच्चारलंच नव्हतं. तुझ्याशी बोलताना ते "बाबा" असतात, शेजारीपाजारी "साहेब" म्हणतात, आणि बाकीचे लोक तर विषयच बदलतात. मला वाटतं, त्यांना भीती असते मी रडेन. मी त्या दुकानात रडले नाही. मी त्याला म्हटलं, नीट लिहा, पुन्हा एकदा सांगते, आणि पुन्हा एकदा सांगितलं. कारण काही नव्हतं. बरं वाटलं म्हणून.

आठवड्याने हातगाडीवरून खुर्ची आली. दारातून आत येईना. तिरकी केली, आडवी केली, शेवटी गाडीवाल्याने खांदा लावला तेव्हा आली. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. बसून बघितलं तर माझे पाय अधांतरी. तुझे बाबा काडीपैलवान, आणि ही खुर्ची म्हणजे दोन माणसांनी शेजारी बसून भांडावं एवढी रुंद. उलटी करून बघितली तर बुडाखाली खडूने बाबांचंच नाव. मी टेप काढून माप घेतलं. माणूस खोटं बोलेल, टेप बोलत नाही. तशीच गळ्यात टेप अडकवून वेतवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "नाव तेच आहे ना? मग तुमचीच." मी म्हटलं, माझे यजमान काय वर गेल्यावर रुंद झाले का? तेव्हा कुठे त्याने डोकं खाजवलं. म्हणाला, त्याच नावाचा दुसरा एक आहे, जहाजावर आचारी होता, रंगाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहतो. इतकी वर्षं धंदा केला पण एका नावाच्या दोन खुर्च्या एकदम कधी आल्या नव्हत्या, त्याला तो बिचारा काय करणार.

मी जिना चढून गेले. दार उघडंच होतं. आतून आवाज आला, "या, आत या, मला उठता येत नाही." मला वाटलं कोणीतरी आजारी आहे. आत बघते तर एक धिप्पाड गृहस्थ तुझ्या बाबांच्या खुर्चीत गच्च अडकून बसलेले, मांडीवर बटाट्यांची परात, हातात सुरी. सकाळपासून तसेच होते. उठायचा प्रयत्न केला की खुर्चीही बरोबर उठायची. मला म्हणाले, "विणून आणली आणि आटली हो. नवं कापड धुतल्यावर आटतं तशी." अगं, मी जन्म कापडात घालवला, पण खुर्ची आटल्याचं पहिल्यांदाच ऐकलं! मी इतकी हसले की मला दाराची चौकट धरावी लागली. बाबा गेल्यापासून मी तशी हसले नव्हते, आणि तेही एका परक्या माणसाच्या घरात, तो अडकलेला असताना. मग मी मागून खुर्ची धरली, त्यांनी पुढून टेबल धरलं, आणि बाटलीचं बूच निघावं तसे ते निघाले. बटाटे सगळ्या खोलीभर.

सुटल्यावर त्यांनी हात पुसला, अदबीने आपलं नाव सांगितलं. मी म्हटलं, हे माझ्या यजमानांचं नाव आहे. त्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नकोस. "अहो मग कुठे आहेत ते? बोलवा ना त्यांना!" मी सांगितलं, गेले. तर हा एवढा मोठा माणूस बटाट्यांमध्ये मटकन खाली बसला. मला वाटलं भलतंच मनाला लावून घेतायत. मग त्यांनी सांगितलं ते ऐक.

आपल्याला माहीत नव्हतं, पण बाबांचं नाव म्हणजे जगातल्या कुठल्याही तोंडात मावणारं निघालं. लहान, सुटसुटीत, आणि भलभलत्या भाषांमध्ये सापडणारं. हे गृहस्थ जहाजावर असताना बंदरात उतरले की बाकीचे खलाशी जिथे जायचे तिथे जात, आणि हे टेलिफोनच्या बूथमध्ये शिरत. तिथली जाडजूड डिरेक्टरी उघडायची, आपल्या नावाचा माणूस शोधायचा आणि फोन करून म्हणायचं, मी पण तुमच्याच नावाचा, जेवायला येऊ का? त्यातले निम्मे लोक फोन आपटायचे. उरलेले या म्हणायचे. असे त्यांना जगभर नावभाऊ मिळाले, हा शब्दही त्यांचाच. एक न्हावी आहे, तो यांची दाढी फुकट करायचा आणि आपल्या नावाचा गळा आहे म्हणून जरा जपून करायचा. एक न्यायाधीश आहे, तो अजिबात हसत नाही, पण दर वर्षी न चुकता पत्र पाठवतो. एका देशात ते बायकांचं नाव आहे. तिथे एका बाईने यांना फोनवरच झापलं, मग जेवायला बोलावलं आणि जेवताना पुन्हा झापलं. त्या नावाचं एक तळं आहे, एक टेकडी आहे, आणि एक स्टेशन इतकं चिमुकलं आहे की फलाटावर कोणी हात दाखवला तरच गाडी थांबते. हे तिथे उतरले, पाटीखाली उभे राहिले, आणि परतीच्या गाडीला हात दाखवायला विसरले.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर सगळ्यांचे फोटो ओळीने लावलेत. आणि एवढं जग पालथं घालणाऱ्या या माणसाने आपल्या गावची डिरेक्टरी कधी उघडली नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! तुझे बाबा चार गल्ल्या पलीकडे राहत होते, बाजारातल्या दुकानदारांची वजनमापं तपासत हिंडत होते, कदाचित हे ज्या दुकानात उभे होते तिथलाच तराजू तपासून बाहेर पडले असतील, आणि भेट झाली नाही. याचं त्यांना खरंच दुःख झालं होतं. मग ते म्हणाले, "आता निदान सांगा तरी, कसे होते?"

ठके, मला हे कोणी विचारलंच नव्हतं. कशाने गेले ते सगळ्यांनी विचारलं. कसे होते ते कोणी विचारलं नाही. मी बोलत सुटले. घरच्या मिठाच्या पुड्याही ते वजन करून बघायचे ते सांगितलं. तुझ्या लग्नात जावईबापूंच्या घरच्यांना मिठाईच्या खोक्याचं वजन पुठ्ठ्यासकट धरू नका म्हणून सुनावलं ते सांगितलं. मला राग आला की मी त्यांना पूर्ण नावाने हाक मारायचे आणि ते कार्यालयातल्यासारखं "हजर" म्हणायचे, तेही सांगितलं. संध्याकाळ झाली तरी खुर्च्या बदलायच्या राहिल्याच. मग त्या निमित्ताने ते आले, मग त्यांची परात माझ्याकडे राहिली म्हणून मी गेले, आणि मग निमित्त शोधायचं आम्ही सोडून दिलं. बाबांचा एक फोटो मी त्यांना दिला, तो तराजूकडे संशयाने बघतानाचा. तो आता न्हावी आणि न्यायाधीश यांच्यामध्ये लागलाय. न्यायाधीशापेक्षा बाबाच जास्त कडक दिसतात.

आता तुला वाटेल, आईला त्याच नावाचा माणूस मिळाला आणि तिने त्याला बाबांच्या जागी बसवलं. मलाही ती भीती वाटली होती, म्हणून मी स्वतःला चांगलं उलटंपालटं करून तपासलं. अगं, नावाशिवाय एक गोष्ट सारखी असेल तर शपथ. हे मीठ मुठीने टाकतात. वेळेचा आणि यांचा छत्तीसचा आकडा. गातात, तेही बेसूर आणि मोठ्याने. मी रागावले तर "हजर" म्हणत नाहीत, आणखी मोठ्याने गातात. माझ्याकडे एकाच मापाची दोन गिऱ्हाइकं येतात, पण एकाचा कोट दुसऱ्याला घातला तर कधी बसत नाही. एकाचा खांदा उतरता असतो, दुसरा सदा हात खिशात खुपसून चालतो. हे मला शिवणकामात कळत होतं, माणसांत कळायला एवढा वेळ लागला.

नावाने हाक मारायला मात्र मी पुष्कळ दिवस धजावले नाही. "अहो आचारी" म्हणायचे. एकदा ते चष्मा माझ्याकडे विसरून निघाले आणि पार गल्लीच्या टोकाला पोचले. मी खिडकीत गेले आणि खणखणीत आवाजात ते नाव घेऊन हाक मारली. समोरची बाई बघायला लागली, हाक मारणारी मी स्वतःच दचकले. आणि गल्लीच्या टोकाला माणूस वळला. एवढंच झालं. पण दोन वर्षं ते नाव माझ्या आत पडून होतं आणि त्याला ओ देणारं कोणी नव्हतं. मी खिडकीतच खाली बसले आणि पोटभर रडले, आणि मग मला अतिशय आनंद झाला. ते वर आले तेव्हा मी हसत होते. चष्मा न घेताच ते पुन्हा खाली गेले.

तर आता बातमी. त्या नावाचं एक अख्खं गाव आहे, लांब एका बेटावर. तिथले लोक दर वर्षी जगभरच्या नावभावांना बोलावतात, चार दिवस ठेवून घेतात. यांना आमंत्रण कायमचं आहे, पण ऐन वेळी नेहमी जहाज दुसरीकडे असायचं. या वर्षी जायचं म्हणतात, आणि मलाही चला म्हणतात. मी म्हटलं, माझं नाव ते आहे का? तर म्हणाले, ज्याचं नाव ते आहे त्याच्या बायकोलाही घेतात. मी म्हटलं, अशी अट आहे का तिथे? तर म्हणाले, "तिथे नाही. मी घालतोय."  दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं की अट मान्य आहे.

ठके, मी लग्न करते आहे. बाळंतपणाला मी येणारच, दोन महिने तुझ्याजवळ राहणार, रंगवलेल्या खोलीत झोपणार, आणि मग परत माझ्या दुकानात येणार. हे तुला फोनवर सांगायचं रोज ठरवत होते आणि रोज उद्यावर ढकलत होते. पण परवा तू म्हणालीस की मुलगा झाला तर त्याला बाबांचं नाव ठेवायचं, आणि मी गप्प झाले. तुला वाटलं मला भरून आलं, म्हणून तूही रडलीस. अगं, मी घाबरले होते. म्हटलं, हे कळल्यावर हिला वाटेल की आईने बाबांचं नाव परक्याला देऊन टाकलं, आता ते माझ्या बाळाला कशाला. म्हणून तुझ्या मनात तसं काही यायच्या आत हे पत्र पाठवते आहे. माझ्यावर राग आला तर हवा तितका कर, पाहिजे तर वर्षभर धर. पण ते नाव सोडू नकोस, एवढंच मागते. यांनाही मी विचारलं, तर म्हणाले, एवढा छोटा नावभाऊ मला अजून मिळालेला नाही. तू बाळाला तेच नाव ठेव. त्या नावाने हाक मारायची माझी हौस अजून फिटलेली नाही.

फोनची वाट बघत, या वेळीही नुसतं ऐकायला तयार असलेली,

तुझीच,
आई