दुपारचे पाच अंश

५ मे, सोमवार

कॉम्प्युटरचं नवं ग्राफिक्स कार्ड आलं. खोका उचलताना वाटलं, आत वीट घातलीय! तीन पंखे, चार बोटं जाडी, वजन दोन किलोला जरासं कमी. सगळ्या नव्या गेम्स सगळ्यात वरच्या सेटिंगवर लोण्यासारख्या चालतील, असं कंपनीचं पत्रक म्हणतं. चालत असतील. गेम किती पळतो ते कोणीही मोजेल. मासिकात माझ्याकडे असतो तो थंडावा — दीड तास जिवाच्या आकांताने पळवल्यावर कार्ड किती तापतं आणि पंखे किती कोकलतात.

पद्धत नेहमीचीच. मागची छोटी खोली, खिडकी बंद, पडदा ओढलेला, दार लोटलेलं. सकाळी एक फेरी, मी समोर बसून. दुपारी अडीच ते चार दुसरी, मी ऑफिसात असताना. ती आपोआप सुरू होते, मिनिटामिनिटाची नोंद आपोआप होते. खरी फेरी दुपारचीच. बसलेला माणूस म्हणजे शंभर वॅटचा हीटर! स्वच्छ आकडे हवे असतील तर खोलीत माणूस नको.

सकाळी फेरी चालू असताना बाबांची हाक आली — “काय धापा टाकतंय गं ते?”

“चाचणी आहे, बाबा. मुद्दाम पळवतेय.”

“पळव की. पण त्याला श्वास तरी घेऊ दे!”

पाणीपुरवठ्याच्या पंपघरात चौतीस वर्षं काढलेला माणूस. अर्धांगाच्या झटक्याने उजवा पाय नेला, सात महिने झाले खुर्चीत. पण कान शाबूत आहेत, जीभ त्याहून शाबूत. रोज त्याबद्दल आभार मानते. नक्की कोणाचे, ते अजून ठरलेलं नाही.

६ मे, मंगळवार

सकाळी कमाल ८३ अंश. दुपारी सुरुवातीला तेवढेच, आणि मग शेवटच्या टप्प्यात घसरून ७८! पाच अंश. एखादा अंश इकडेतिकडे मी समजू शकते. पाच म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय.

७ मे, बुधवार

आजही पाच.

फिजिओबाई येऊन गेल्या. बाबांना उभं केलं. मी एका बाजूला, मावशी दुसऱ्या बाजूला. (मावशी बाबांचं सगळं करतात, सकाळी आठ ते दुपारी दोन. नंतर मी साडेचारला येईपर्यंत बाबा एकटे.) फिजिओबाई म्हणाल्या, “शाब्बास आजोबा, एक पाऊल!” पाऊल उचललंच नाही. बाबांनी जमिनीकडे बघितलं आणि खाली बसले.

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, “पाय मेलेला नाही हो. मन धजत नाहीये. अजून दोन-तीन वेळा येते. त्यानंतर मात्र माझं येणं म्हणजे नुसती औपचारिकता.”

दादाचा फोन. इकडचं तिकडचं बोलत शेवटी आलाच मुद्द्यावर. एक शुश्रूषा केंद्र बघून आलाय. स्वच्छ आहे, चोवीस तास माणसं असतात, व्यायामाची वेगळी खोली. “दुपारी एकटे असतात ते. पडले तर? तू कुठवर पुरणार?” रविवारी १८ ला फॉर्म घेऊन येतोय, बाबांची सही घ्यायला. त्याच्यावर चिडता येत नाही. तो बरोबर बोलतो हीच अडचण.

बाबांना विचारलं. म्हणाले, “तुम्ही ठरवा.”

आयुष्यात कधी कोणाला ठरवू दिलं नाही या माणसाने.

८ मे, गुरुवार

कार्ड उघडलं. चिपवरची उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट पुसून नवी लावली, स्क्रू नीट आवळले. सकाळी ८२.७. दुपारी पुन्हा ७८. डोकं फिरायची वेळ. दुपारच्या सगळ्या नोंदी उचलल्या आणि ‘बाद’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकल्या. चुकीचा आकडा छापण्यापेक्षा न छापलेला बरा.

९ मे, शुक्रवार

कंपनीच्या इंजिनिअरला पत्र लिहिलं. नम्र, पण ठाम. ‘कार्डाचा तापमान मोजणारा सेन्सर दीर्घ वापरानंतर चुकीचं वाचतो, असा माझा संशय आहे.’ पाठवल्यावर तीनदा वाचलं. संशय शब्द जरा जास्त झाला का?

१० मे, शनिवार

इंजिनिअरचं उत्तर. एकच ओळ — ‘मॅडम, खोलीचं तापमान स्थिर आहे याची खात्री केलीत का?’

मला विचारतोय! फेरीच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा भिंतीवरचा थर्मामीटर वाचून लिहिते मी. अठरा वर्षं झाली. दिवसभर धुमसत होते.

१२ मे, सोमवार

खिडकी उघडी!

संध्याकाळी वायर काढायला पडद्यामागे हात घातला तर गार वारा. तावदान वीतभर सरकवलेलं. म्हणजे इंजिनिअरने विचारलेलं बरोबर होतं, आणि मी दोन दिवस फुकट फुगून बसले होते. त्याला आत्ताच कळवायला हवं. उद्या कळवते. (आज का नाही? कारण लाज वाटतेय. लिहून ठेवते.)

१३ मे, मंगळवार

सकाळी मावशींना विचारलं. विचारलं कसलं — दरडावलंच.

“मावशी, मागच्या खोलीची खिडकी उघडू नका म्हणून सांगितलं होतं ना?”

“मी नाही हात लावला, ताई.”

“मग काय भिंतीने उघडली?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलणार होत्या, तोंड उघडलंही. मग मिटलं. “बरं, नाही उघडणार,” एवढंच म्हणाल्या आणि बाबांचा टॉवेल पिळत राहिल्या. तो टॉवेल कोरडा झाला तरी पिळत होत्या.

न केलेल्या गोष्टीबद्दल कोणी ‘नाही करणार’ म्हणेल का? दिवसभर हेच डोक्यात. म्हणजे केलंच असणार. पण मग तोंड का मिटलं?

दुपारी पुन्हा पाच अंश. खिडकी मात्र बंद होती, मी स्वतः बघितली.

१४ मे, बुधवार

ऑफिसातून स्वतः नोंद ठेवणारा थर्मामीटर मागून आणला. मागच्या फळीवर, खोक्यांच्या आड ठेवला. चोर पकडायला सापळा लावल्यासारखं वाटलं, आणि वाईट वाटलं.

आज फिजिओबाई आल्या होत्या. तेच. “शाब्बास आजोबा!” तेच जमिनीकडे बघणं. आता शुक्रवारी शेवटचं येऊन काय ते सांगते म्हणाल्या.

१५ मे, गुरुवार

जसं झालं तसं लिहिते.

काल संध्याकाळपासूनचा आलेख थर्मामीटरमधून काढला. कार्डाने तापवून खोली एकोणचाळीस अंशांवर नेली होती. आज दोन वाजून सत्तावन्न मिनिटांनी तापमान घसरायला लागलं. पंधरा मिनिटांत चौतीस. चार वाजून पाच मिनिटांनी घसरण थांबली. म्हणजे कोणीतरी तीनला खिडकी उघडली आणि फेरी संपल्यावर लावली.

मावशी दोनला जातात. तीनला घरात एकच माणूस असतो.

मग बाबांच्या खोलीत गेले. पेपर वाचत होते, चष्मा नाकाच्या टोकावर.

“बाबा, मागची खिडकी कोण उघडतं?”

“कुठली?”

“बाबा.”

पेपर खाली ठेवला. “ते धापा टाकत होतं. हाका मारल्या तुला. घरात कोणी नाही. मग काय करणार? मशीन जळेपर्यंत ऐकत बसू?”

“तुम्ही चालत गेलात?”

“उडत जाता येतं का मला?”

मी रडायला लागले तर म्हणाले, “हे बघ, हेच! याच्यासाठीच सांगितलं नव्हतं.”

मग हळूहळू सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी भिंत धरून, पाय ओढत. पलंगापासून दाराच्या चौकटीपर्यंत, तिथून कपाटाला धरून. चारला मशीन गप्प झालं की परत जाऊन खिडकी लावायची, “नाहीतर तू चिडतेस.” सोमवारी परतताना गुडघा लटपटला, कसेबसे पलंगावर आले, लावायला पुन्हा गेले नाहीत. तेवढीच चूक.

“फिजिओबाईंसमोर का नाही चालत?”

“सगळे बघायला लागले की तो पाय थिजतो गं. ती शाब्बास म्हणाली की रुसतोच. पंपघरात कोणी मला शाब्बास म्हणायचं नाही. पंप बिघडला की उठायचं, बस.” मग दबक्या आवाजात — “दादाला सांगू नकोस. आधी गाजावाजा, आणि त्याच्यासमोर जमलं नाही तर? माझं मला बघू दे.”

मी हो म्हणाले. म्हणायला नको होतं का? एकटे असताना पडले असते तर! मी आठ दिवस सेन्सरवर संशय घेत होते, मावशींवर घेतला, इंजिनिअरवर घेतला. खुर्चीतल्या माणसावर घेतला नाही. त्यांच्याबद्दलची आशाच ‘बाद’ फोल्डरमध्ये टाकली होती मी.

संध्याकाळी ते फोल्डर उघडलं; नंतरच्याही दुपारच्या नोंदी तिथेच टाकत होते. पंखे पूर्ण वेगाने ओरडायला लागतात ती वेळ नोंदीत आहे. कार्ड थंड व्हायला लागतं तीही आहे. मधला काळ म्हणजे बाबांची चाल! पहिल्या मंगळवारी एक्केचाळीस मिनिटं. एक्केचाळीस! गुरुवारी अडतीस. शनिवारी सत्तावीस. सोमवारी, गुडघा लटपटला त्या दिवशी, पुन्हा तेहतीस. आज नऊ.

कुठल्याही डॉक्टरने इतकी काटेकोर नोंद ठेवली नसती. आणि ती मी कचऱ्यात टाकली होती.

१६ मे, शुक्रवार

मावशी दारात दिसताच म्हटलं, “मावशी, माझं चुकलं. खिडकीचं.”

“सापडलं का मग कोण ते?”

मी दार लावायला वळले. वचन दिलंय. त्या हसल्या. “आजोबांची उजवी चप्पल रोज मी पुसते, ताई. मागच्या खोलीतली धूळ टाचेला नाही, नुसती चवड्याला. घासत चाललेल्या पायाची. पहिल्याच आठवड्यात विचारलं त्यांना. म्हणाले, बोललीस तर बघ!”

“अहो, मग त्या दिवशी मी एवढं बोलले तेव्हा तरी सांगायचं!”

“बोलणं खाल्लं की जिरतं. त्यांचं चालणं मोडलं असतं तर?” आणि मग, भांडी उचलता उचलता — “पण तुम्ही फळीवरच्या त्या डबड्याला विचारलंत, मला नाही विचारलंत, हे लागलं हं मला.”

लागायलाच हवं होतं. पाया पडावंसं वाटलं. त्याऐवजी चहा केला, त्यांना बसवून दिला. साखर जास्त पडली. “लाजेची का?” म्हणाल्या.

इंजिनिअरला लिहिलं — कार्डात दोष नाही, दोष माझ्या पद्धतीत. क्षमस्व. त्याचं उत्तर अर्ध्या तासात. ‘खोलीत कोणी शिरत होतं का? आमच्याकडेही एकदा मांजर निघालं होतं.’ मोठ्याने हसले. किती बरी माणसं भेटतात.

दुपारी सुट्टी घेतली. फिजिओबाई. सगळे बघताहेत. पाय थिजलेला. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी खिडकीबाहेर. बाई जाताना म्हणाल्या, “केंद्राचा विचार करायला हरकत नाही आता.” जिभेच्या टोकावर आलं होतं. गिळलं. वचन पाळतेय की भित्री आहे, खरंच कळत नाही.

१७ मे, शनिवार

लेख पूर्ण करून संपादकांना दिला. कूलर उत्तम, पंख्यांचा आवाज खणखणीत, बंद छोट्या खोलीत वापरू नये. पुढे लिहिलं — ‘कूलर उष्णता संपवत नाही, फक्त चिपमधून खोलीत आणून टाकतो. तिथून पुढे खिडकी लागते. दुपारच्या नोंदींत खिडकी उघडली गेली होती, त्या वेगळ्या दिल्या आहेत.’ संपादकांनी विचारलं, “कोणी उघडली हे लिहायचं का?” म्हटलं, नको.

पलंगापासून मागच्या खोलीपर्यंत दोन खुर्च्या मांडल्या. भिंतीकडेने, सहज ठेवल्यासारख्या.

“या कोणी मांडल्या?”

“मी.”

“एक अजून पुढच्या दाराकडेही ठेव.”

“तिकडे कशाला?”

पेपर वर केला.

१८ मे, रविवार

अकरा वाजता बेल. दादा. मी मागच्या खोलीत, कार्ड अर्धवट पिशवीत, उद्या परत पाठवायचं, दोन्ही हात अडकलेले. “आले, आले!” म्हणून ओरडले. वायर सोडवेपर्यंत कडी निघाल्याचा आवाज आला.

मावशींना रविवारी सुट्टी असते.

मग दाराकडून बाबांचा आवाज — “असा दारात काय उभा राहिलायस खांबासारखा? बाजूला हो. हवा येऊ दे.”