लोर्नाच्या वर्गाचा भला मोठा चेक

३ मे
फाउंडेशनची मीटिंग. गावच्या सरकारी शाळेतल्या एका शिक्षकाला आम्ही दरवर्षी ग्रँट देतो. यंदा लोर्ना पिट्रझाक. आठ-नऊ वर्षांची चौदा मुलं, वाचता येत नाही. लोर्ना त्यांना शाळेआधी सात वाजता शिकवते. बस नाही म्हणून स्वतःच्या गाडीतून दोन फेऱ्यांत आणते. पुढच्या वर्षी बस, नाश्ता, तिचा पगार, सगळं आमच्याकडून. एकमताने मंजूर! अध्यक्ष म्हणून मी सर्वांना शपथ घातली, ११ जूनपर्यंत अवाक्षर नाही. त्या दिवशी फुगे, शाळेचा बँड आणि टेबलाएवढा पुठ्ठ्याचा चेक. पेपरचा फोटोग्राफर त्याच दिवशी मोकळा आहे.

४ मे
संकल्प: यंदा फोटोत शिक्षिका रडली पाहिजे. गेल्या वर्षी विज्ञानाचे सर चेक घेऊन नुसते थँक्स म्हणाले. पेपरने पाचव्या पानावर टाकलं. चूक माझी. आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे बघून हसलो होतो, त्यावरून त्यांनी ओळखलं.

१६ मे
लोर्ना दुकानात भेटली, बटाट्यांपाशी. म्हणाली, मिस्टर स्टकी, ऑल्डर क्रीकच्या शाळेने नोकरी देऊ केलीय, ३१ तारखेपर्यंत हो-नाही कळवायचंय. सकाळचा वर्ग चालणार असेल तर मी इथून हलत नाही. ग्रँटच्या अर्जाचं काही ठरलं का हो?
मी चेहरा दगडासारखा ठेवला. म्हटलं, फार आशा ठेवू नकोस.
हे ऐन वेळी सुचलं. आशा सोडलेलं माणूस जास्त रडतं. ऑल्डर क्रीकचं ती उगाच सांगते. चाळीस वर्षं सोफे विकले, समोरच्या दुकानात स्वस्त मिळतो असं प्रत्येक गिऱ्हाईक सांगायचं.

१७ मे
मार्जला सांगितलं. शपथ बायकोला लागू नाही. म्हणाली, व्हर्नन, अक्कल गहाण टाकलीस का? आत्ताच्या आत्ता फोन कर त्या पोरीला. म्हटलं, तुला यातलं काही कळत नाही. म्हणाली, नसेल, पण माणसांतलं कळतं. मग बराच वेळ भांडी आपटत होती.

३० मे
फोन उचलला. नंबर लावला. दोन रिंगा झाल्यावर ठेवला. तत्त्व म्हणजे तत्त्व.

४ जून
शाळेत बँडचं ठरवायला गेलो. लोर्ना पुस्तकं खोक्यांत भरत होती. टापटिपीची बाई! योग्य व्यक्ती निवडल्याचं समाधान वाटलं. प्रिन्सिपल मिसेस हॅलोरन म्हणाल्या, लोर्नाबद्दल जरा बोलायचं होतं. मी ओठांवर बोट ठेवलं आणि सटकलो. यांच्या पोटात काही राहत नाही.

११ जून, दुपारी
रडली! फोटोग्राफर म्हणाला, पहिलं पान नक्की.
पण थांबेना. बँडची दुसरी धून संपली तरी रडतेच आहे. मग विचारलं, हे ठरलं कधी? छाती फुगवून सांगितलं, ३ मे.
ती मुलांच्या बुटक्या खुर्चीत बसली. म्हणाली, मी ३१ तारखेला ऑल्डर क्रीकला सही करून दिली. तुम्हीच म्हणालात ना, आशा ठेवू नकोस.
म्हटलं, सही परत घे. म्हणाली, सगळं विचारून झालंय, आता नाही होत. आणि आमची ग्रँट शिक्षकाच्या नावावर असते, तो गेला की रद्द. हा नियम मीच लिहिलाय.

११ जून, संध्याकाळी
चूक प्रिन्सिपलची. मागे धावत येऊन सांगायला काय झालं होतं?

१२ जून
मिसेस हॅलोरन म्हणाल्या, मुलांना वाटतंय वर्ग चालू राहणार. चेक तुम्ही आणलात, आता तुम्हीच सांगा. पानभर भाषण लिहून नेलं होतं. तोंडातून एकच वाक्य निघालं, सप्टेंबरात शाळा उघडली की सकाळचा वर्ग नाही.
कॅसिडी नावाची एक मुलगी पुस्तकात बोट घालून बसली होती. म्हणाली, मी बाविसाव्या पानावर आहे. पुढचं कुणाला वाचून दाखवू?
म्हटलं, आईला दाखव.
म्हणाली, आईला येत नाही वाचायला. मला आलं की मी तिला शिकवणार होते.
लाज वाटली. टोपी घेतली आणि बाहेर आलो.