दारांमागची गाडी

३ मार्च
शहराच्या आंग मो किओ भागातल्या नव्या नोकरीचा पहिला दिवस! प्रदर्शनासाठी आम्ही एका गोदामात सेंट पीटर्सबर्गमधल्या एका मेट्रो स्टेशनाची प्रतिकृती उभारतोय, चक्क खऱ्या मापात. संगमरवरी खांब, पितळी दिवे, वर शुभ्र कमान. गंमत म्हणजे फलाटाला कडाच नाही. दोन्हीकडे भिंती आणि भिंतींत लोखंडी दारं. गाडी दिसतच नाही. ती आली की दारं उघडतात. आमच्या दारांमागे अर्थात गोदामाची भिंत. सोबतीला मुंबईचा कुशल आहे. त्याच्या बायकोने, गार्गीने, पुंगोलच्या घरून माझ्यासाठीही डबा पाठवला होता. क्लेमेंटीच्या खोलीवर परतताना उगीच गुणगुणत होते.

७ मार्च
दिवे लावले. दगडावर पिवळसर उजेड पडला आणि बाहेरचं ऊन विसरायलाच झालं. दुपारी कोपऱ्यातल्या दाराच्या फटीतून वारा आला, बर्फासारखा. एसीचा असेल, असं म्हणून कुशल हसला.

११ मार्च
जेवणानंतर ते दार आपोआप सरकलं. त्याला मोटर अजून बसवलेलीच नाही. कुशल बघायला आत वाकला आणि दार मिटलं. आम्ही पहारीने उघडलं. मागे भिंत. नुसती भिंत.

१२ मार्च
पोलिसांनी भिंत फोडून पाहिली. पलीकडे पार्किंग. कॅमेऱ्यात तो आत जाताना दिसतो, बाहेर पडताना नाही. गार्गी फोनवर विचारत राहिली. कॅमेऱ्यात दिसलं तेवढंच सांगितलं.

१३ मार्च
काम बंद. जबाब द्यायला गोदामात गेले होते. तिथं कुशलचा आवाज आला—त्या दारामागून.
"सुनेत्रा, इथं फार थंडी आहे गं."
दार उघडलं की फुटकी भिंत. मिटलं की पुन्हा त्याचा आवाज. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं, नखं तुटली—
मग म्हणाला, "गाडी आली. बसू का?"
"नको! कुशल, नको बसूस!"
"अगं, आत तूच तर बसली आहेस. बोलावते आहेस."
नंतर काहीच नाही.

१४ मार्च
गार्गी आली आहे. नको म्हटलं, ऐकेना. आमच्या फलाटावरच्या बाकावर शेजारी बसली आहे. घडेल ते तसंच नोंदवायचं म्हणून लिहितेय—
आतून आवाज. माझा.
"गार्गी, ये ना. कुशल इथंच आहे."
ती माझ्याकडे बघतेय. मी ओठ घट्ट मिटलेत. मान हलवतेय. मी नाही, मी नाही—
दार सरकलं. आत उजेड—गाडीचा—
ती उठली. डाव्या हाताने तिच्या पर्सचा पट्टा धरलाय मी, सोडणार नाही, ती ओढतेय—तिने पर्सच सोड—