हेडलीचं नाताळचं सोंग

गनेट कोव्ह,
७ जानेवारी १९९८

प्रिय लेस,

अनेक आशीर्वाद. तू, मेव्हिस आणि पोरी मजेत असाल. पोरींना पाठवलेले हातमोजे पोचले का? मोठीचे जरा सैल होतील, पण वाढतं अंग आहे, चालायचंच. तुमच्याकडे अल्बर्टात म्हणे थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठते. इथे तेवढं नाही. वारा मात्र आपला नेहमीचा, माणसाला धक्क्यावरून ढकलून देणारा.

काल सहा तारखेचा जुना नाताळ झाला, सणाचे बारा दिवस संपले. आज सगळी आवराआवर. झाड बाहेर काढलं, सुया अजून झाडतेय. खारवलेल्या मांसाचा डबा यंदा निम्म्यावरच राहिला. वाचून हसशील. तुझ्या हेडलीदादाच्या घरात डबा उरला म्हणजे काहीतरी बिघडलंय, असं तुझ्या मनात येईल.

तर बिघडलं होतं. किती घोळवू? फोनवर मी हवापाण्याचं बोलून ठेवून देते, म्हणून शेवटी लिहायला बसले. सप्टेंबरात तुझ्या दादाला हार्ट अटॅक आला. लाकडं फोडत होता, तिथेच बसला. आता बरा आहे, घाबरू नकोस. तुला कळवायचं नाही अशी मला शपथ घातली होती. का, ते तुला ठाऊक आहे.

डॉक्टरीणबाई पोरसवदा, पण जिभेची तिखट. म्हणाली, "जानेवारीत ऑपरेशन करावं लागेल. तोवर जेवण निम्मं करायचं, मीठ बंद, आणि रोज चालायचं. नाहीतर ऑपरेशनपर्यंतसुद्धा टिकणार नाही." मासेमारी बंद पडल्यापासून तो खिडकीशी बसून होता, हे तिला कुठून कळलं कोण जाणे. माझ्याकडून कळलं म्हण.

ऑक्टोबर-नोव्हेंबर बरे गेले. कुरकुरत का होईना, चालायचा. पण नाताळ आला आणि गडी घरातून हलेना. म्हणे, "बाहेर पडलो की कोणीतरी आत बोलावणार. आत गेलो की केक आला, सरबत आलं, पुडिंग आलं. नाही म्हटलं तर माणसं दुखावतात. ड्रुसिला काकूच्या केकला नाही म्हणून या गावात कोण जिवंत राहिलंय? त्यापेक्षा घरीच मेलेलं बरं."

मी म्हटलं, "मरायची एवढी घाई असेल तर आधी झाड उभं करून दे."

त्याने झाड उभं केलं आणि परत खिडकीशी बसला. दोन दिवस बघितलं. मला खरंच भीती वाटली, लेस. नुसता बसलेला माणूस बघता बघता खचतो. तिसऱ्या दिवशी शेजारच्या घरात तोंडं झाकलेली नाताळची सोंगं आली, नाचगाणं ऐकू आलं, आणि माझं डोकं चाललं. सोंगाला काही खावं लागत नाही! घरच्यांनी ओळखलं तरच तोंडावरचा पडदा वर करायचा, आणि पडदा वर झाला की मगच केक-सरबत. ओळखलंच नाही तर नाचून तसंच पुढच्या घरी. चालणंही होतं, नाचणंही होतं, आणि घास तोंडात जात नाही.

"मला कोण ओळखणार नाही? आंधळासुद्धा ओळखेल," तो म्हणाला.

"पूर्वी ओळखला असता. आता तुझं पोट कुठे राहिलंय?"

हे त्याला लागलं का आवडलं, कळलं नाही. पण उठला. माझा फ्लॅनेलचा झगा, त्यावर उलटा कोट, तोंडावर बैठकीतल्या पडद्याचा तुकडा. सगळी सोंगं बांधतात तशी पोटाला उशी बांधली. तुझ्या दादाला पोटासाठी उशी! बांधता बांधता मला हसू आवरेना आणि रडूही. मीही तोंड झाकलं, त्याचे रबरी बूट चढवले आणि निघालो.

पहिलं घर ड्रुसिला काकूचं. श्वास आत ओढून तो घोगरा बोलला, "सोंगं आली, आत घ्या!" काकूने निरखून बघितलं, त्याचा हात दाबला, उशी चाचपली. म्हणाली, "हे तर आपले पाद्रीबाबा!" मग म्हणे, "नाही नाही, पोस्टातली वेरा!" तुझा दादा असा नाचला की भिंतीवरच्या बश्या वाजल्या. शेवटी काकूने हात टेकले. "हरले बाई, जा." केक टेबलावर तसाच.

मग रोज संध्याकाळी तेच. सगळी खाडी पालथी घातली आम्ही. कुठेही कोणी ओळखलं नाही. परतताना माझ्या पुढे चालायचा. घरी येऊन वाटीभर सूप प्यायचा आणि झोपायचा.

परवा दुकानात काकू भेटली. मी म्हटलं, "काकू, तुमची नजर गेली वाटतं."

"नजर तुझी गेली," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी दारातच ओळखला. डाव्या पायाने उंबरा ओलांडणारा या गावात दुसरा कोण आहे? पण नाव घेतलं असतं तर पडदा वर, आणि माझ्याच हातचा केक त्याच्या पोटात. त्याच्या बापाला नाताळात ताटावरून उचललेलं मी पाहिलंय गं. रविवारी चर्चमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं, त्याला ओळखायचं नाही."

साखर न घेताच घरी आले.

हेडलीला सांगितलं नाही. वाटलं, त्याचा आनंद जाईल. पण काल शेवटची फेरी करून येताना तो चढावर थांबला, पडदा काढला, म्हणाला, "सेल, भली माणसं आहेत ही. मला काय कळत नाही होय? वेरा म्हणे! वेरा माझ्या खांद्याएवढी तरी आहे का?"

मी म्हटलं, "मग बोलला का नाहीस?"

"सगळी माणसं एवढी गप्प राहिली, मी कसा बोलू?" मग वाऱ्याकडे पाठ करून म्हणाला, "लेस असता तर गप्प राहिला नसता. दारातच ओरडला असता, हेड, काढ तो पडदा, आणि केकला हात लावलास तर बघ."

लेस, तीन वर्षांत तुझं नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. आईच्या दफनानंतर, भरल्या पंगतीत तू म्हणालास, "तू पण बाबांसारखा ताटावरच जाशील." आणि तो म्हणाला, "माझा घास मोजणारा माझ्या घरात नको." दोघांचेही डोळे भरलेले होते, मी वाढत होते, मला दिसत होते. तुझं चुकलं नव्हतं. फक्त त्या दिवशी बोलायला नको होतंस. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं.

ऑपरेशन सव्वीस तारखेला, सेंट जॉन्सच्या मोठ्या इस्पितळात. डॉक्टरीणबाई म्हणाली, वजन उतरलंय, चालणं चांगलं, आशा आहे. आशा आहे म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

लिहीत होते तर मागे येऊन उभा राहिला. मी कागद झाकला. म्हणाला, "त्यालाच लिहितेस ना? दुखण्याचं काही लिहू नकोस, उगाच घाबरेल. नुसतं लिही, जेवायला ये." एवढं बोलून बूट घालून चालायला गेला. एकटाच, सोंगाशिवाय. कोणी आत बोलावलं तर काय म्हणशील, विचारलं, तर म्हणाला, "नको म्हणेन. भावाने मना केलंय म्हणून सांगेन."

तर निरोप त्याचा एवढाच: जेवायला ये. बाकी सगळं मी शपथ मोडून लिहिलंय. सव्वीसच्या आधी ये, लेस. मग येऊन उपयोग नाही असं होऊ देऊ नकोस.

दार उघडं ठेवून बसलेली,
तुझी वहिनी
सेलिना