उष्टी रोटी आणि चौदा तास

चिरंजीव बोतिरजान यास,

कोकंदहून थोरल्या बहिणीचे आणि अंगणातल्या जर्दाळूचे आशीर्वाद. (झाडाने यंदाही दोघांपुरतं धरलं, खायला मी एकटी.) तब्येत कशी आहे? काम कसं चाललंय? न्यूयॉर्कात थंडी किती? फोनवर या सगळ्याला मिळून एकच "बरंय" देतोस, म्हणून सुटं सुटं विचारतेय.

मी मजेत आहे. घर शांत आहे, इतकं की शेजारचे होशिम-अका परवा चहाला आले तर मी त्यांना उठूच देईना. शेवटी बिचारे म्हणाले, "ममलकत, जाऊ दे गं आता, घरी जेवायचे खोळंबलेत." त्यांच्याकडूनच कळलं, की त्यांची लेक मुकद्दस नवऱ्याकडे न्यूयॉर्कला निघालीय आणि ताश्कंदहून विमान कुठेही न थांबता चौदा-एक तासांत तिथे पोचतं. अंतर म्हणे दहा हजार किलोमीटर! तू चार वर्षं आला नाहीस, त्यावरून मी समजत होते, वाट निदान महिन्याभराची असणार.

तेव्हाच डोक्यात खूळ शिरलं. निघताना तू एक घास तोडून खाल्लेली रोटी अजून भिंतीवर टांगलेली आहे. उरलेली खायला माणूस परत येतोच, असं आई म्हणायची. (आईचं सगळंच खरं होत नसे, पण तू लष्करातून आलास तेव्हा झालं होतं.) म्हटलं, तू रोटीकडे येत नाहीस, तर रोटीच तुझ्याकडे धाडावी. रुमालात बांधली आणि मुकद्दसला पोचवायला ताश्कंदच्या टॅक्सीत बसले. घाटभर मला उलट्या आणि तिला रडू. विमानतळाच्या दारावरच्या तपासनिसाने रोटी टेबलावर आपटली, कानाला लावली, मग दुसऱ्याला बोलावलं. दोघांनी वास घेतला. "मावशी, हे नक्की खायचंच आहे ना?" मी म्हटलं, "माझ्या भावाचं उष्टं आहे, नीट हात लाव." तशी त्याने रोटी पुन्हा रुमालात बांधली आणि म्हणाला, "आमच्या घरीपण आहे एक. थोरल्या भावाची."

मुकद्दसने रोटी पिशवीत घातली, रांगेत शिरली आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. तू ती तिथेच चहात बुडवून संपवलीस, तर इथे यायला तुझं राहिलं काय? धावत जाऊन मी पिशवीतून रोटी ओढून घेतली. लोकांना वाटलं, चोरी झाली. "मावशी, डोकं ठिकाणावर आहे ना?" मुकद्दस ओरडली. नव्हतं. परतीच्या वाटेवर रोटी मांडीवर घेऊन मी इतकी रडले, की टॅक्सीवाल्याने आपणहून गाणी बंद केली.

आता ती पुन्हा भिंतीवर आहे, काळजी नसावी. तू सवडीने ये. मला मुळीच घाई नाही.

तुझी,
ममलकत ओपा

ता. क. – घाई नाही हे खोटं आहे.

आणखी ता. क. – रोटीचा पार दगड झालाय. माझे पुढचे दात गेल्या हिवाळ्यात पडले, त्यामुळे माझी मदत धरू नकोस. तुझे शाबूत आहेत तोवर ये. चहाला आधण ठेवायचंय, तेवढं चौदा तास आधी कळव.